डाव्या गुडघ्याबद्दल

डुलुथ,
12 ऑक्टोबर

चि. ज्ञानूस अनेक आशीर्वाद.

डिंकाचे लाडू काल पोस्टात टाकले. वरचे चार बाबांनी वळलेले आहेत, ते पोचेपर्यंत फुटलेले असतील. चुरा दुधात घालून खा. हे पत्र त्याच डब्यात ठेवणार होते, पण लिहायला बसायलाच उशीर झाला.

गेल्या शनिवारी आम्ही इंटरनॅशनल फॉल्सला जाऊन आलो. हायवे 53 धरून सरळ उत्तरेला, तीन तास नुसती झाडं. तिथे ब्रॉन्को नागुर्स्की या जुन्या फुटबॉलपटूचं संग्रहालय आहे. तू हा अमेरिकन फुटबॉल खेळायला लागल्यापासून बाबांना त्या खेळाचा इतिहास चढलाय. डोक्यात जिथे गावसकरच्या धावा होत्या, तिथे आता यार्ड भरताहेत. मी आपली सोबत म्हणून गेले, थर्मासमध्ये चहा घेऊन.

हा माणूस जन्मला 1908 साली, नदीपलीकडे कॅनडात, रेनी रिव्हर नावाच्या गावात. आईवडील युक्रेनियन, गॅलिशियाकडून आलेले. तो लहान असतानाच बिऱ्हाड अलीकडे आलं आणि वडिलांनी किराणा दुकान काढलं. पाळण्यातलं नाव ब्रोनिस्लाव. शाळेत घालायला आई घेऊन गेली, तिचे उच्चार बाईंना कळेनात, बाईंना जे ऐकू आलं ते लिहिलं गेलं: ब्रॉन्को. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण मी तिथे उभ्या उभ्या हसले आणि मग हसू आलंच नाही. तुझ्या नावनोंदणीच्या दिवशी मी ‘ज्ञानेश’ तीनदा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि दुपारी तू गळ्यात ‘डॅनी’ची पाटी घालून बाहेर आलास. खूश होतास. मी घरी येऊन कणीक तिंबत बसले, जरा जास्तच तिंबली. आता तुझे कोच ‘डॅन’ म्हणतात त्याला माझी हरकत नाही. बाबांची आहे, ती तू त्यांच्याशी बघ.

तर ब्रॉन्को. त्याच्याबद्दल ऐकशील ते सगळं ताकदीचं. विद्यापीठाचे प्रशिक्षक गाडीतून चालले होते, शेतात नांगरणाऱ्या या पोराला रस्ता विचारला, त्याने नांगरच उचलून दिशा दाखवली. शिकागोच्या रिगली फील्डवर टचडाउन करून, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडून, थांबता न आल्याने विटांच्या भिंतीवर आदळला आणि बाजूला येऊन म्हणाला की शेवटचा गडी भलताच दणकट होता. नांगराची गोष्ट मला तद्दन थाप वाटते. नांगर उचलायचा कशाला, बोट नाही का? बाबांना ती फार आवडते. त्यांच्या आजोबांबद्दलही गावात अशीच एक आहे, बैलगाडी खांद्यावर घेतल्याची. तिची पंचाईत तुझ्या आजीने एकदाच केली होती, पुन्हा नाही.

मला आवडली ती 1932 च्या डिसेंबरातली मॅच, तो शिकागो बेअर्स संघाकडून खेळायचा तेव्हाची. शिकागोत इतकी थंडी आणि बर्फ की सामना छपराखाली, शिकागो स्टेडियममध्ये न्यावा लागला. आदल्याच दिवसांत तिथे सर्कस होऊन गेलेली, तिचीच माती, तिचाच वास, आणि मैदान जेमतेम 80 यार्डांचं. समोर पोर्ट्‌समथचे स्पार्टन्स. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला चेंडू नागुर्स्कीकडे आला. सगळ्यांना वाटलं, हा रेडा आता डोकं खाली घालून घुसणार. तो दोन पावलं पुढे आला, मागे सरला, आणि आपल्याच संघातल्या रेड ग्रेंजकडे पास टाकला. टचडाउन. त्या वेळच्या नियमाने पास टाकताना, जिथून खेळ सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागे असावं लागे. समोरच्यांनी आरडाओरडा केला, पण निकाल फिरला नाही. बेअर्स 9-0 ने जिंकले, आणि पुढच्याच वर्षी तो पाच यार्डांचा नियम काढून टाकला. ताकदीचा म्हणून ओळखला जाणारा माणूस तिथे डोकं वापरून गेला, याची गोष्ट कुणी नांगरासारखी चघळत नाही.

पैशाचं ऐकून तू हसशील. 1930 मध्ये बेअर्सने घेतला तेव्हा वर्षाला 5,000 डॉलर. मग मंदी आली आणि दोन वर्षांत ते 3,700 वर आले. हेल्मेट चामड्याचं, तोंडावर जाळी नाही, आणि तेच गडी चढाईलाही, बचावालाही. पैसे पुरेनात म्हणून तो कुस्त्या करायला लागला, 1937 मध्ये जगज्जेता झाला. त्याच हंगामात इकडे मॅच, तिकडे दंगल, मधली रात्र आगगाडीत. पुढे 6,000 मागितले, मालक जॉर्ज हॅलस यांनी दिले नाहीत, तर सरळ सोडून दिलं. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा, 1943 मध्ये, पस्तिशीत परत बोलावलं. आला, आणि अंतिम सामन्यात टचडाउन करून गेला.

नंतर गावी पेट्रोल पंप. तिथेही म्हणे तो टाकीचं झाकण असं आवळायचा की दुसऱ्या कुणाला उघडायचंच नाही, गिऱ्हाईक झक मारत परत त्याच्याकडेच. बाबा हे सांगताना इतके हसले की शेजारच्या म्हाताऱ्या बाईही हसल्या. त्या गावच्याच. मी त्यांना विचारलं, शेवटी शेवटी कसे होते हो? त्या काही बोलल्या नाहीत, नुसता स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. संधिवाताने त्याला फार छळलं, चालणं जड झालं, घराबाहेर पडणं सुटलं. 1984 च्या सुपर बोलला, म्हणजे या खेळाच्या मोठ्या अंतिम सामन्याला, नाणेफेकीसाठी नेलं होतं. 1990 च्या जानेवारीत तिथेच, आपल्या गावात गेला.

आता मुद्द्याचं. तुमच्या टीमच्या पानावरचा परवाचा फोटो मी मोठा करून पाहिला. डाव्या गुडघ्याला काळा पट्टा आहे. मागच्या रविवारी फोनवर मी विचारलं तर म्हणालास, ‘काही नाही गं, सगळं मस्त.’ तुझं ‘मस्त’ मला ‘म’पासून ओळखू येतं. टीमच्या डॉक्टरांना दाखवलंस का, एमआरआय झाला का, की नुसत्या गोळ्या घेऊन शनिवारी उतरतोस? खेळ सोड असं मी म्हणत नाही. बाबा तर म्हणूच देणार नाहीत.

या रविवारी व्हिडिओ लाव. फोन रूममेटच्या हातात दे, वसतिगृहाचा जिना वरून खालपर्यंत उतर, कठड्याला हात न लावता. मी बघत्ये.

तुझी,
आई