तो रागावलेला नाही, सई

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बॉल पायथन सापाचे दोन्ही व्हिडिओ मी पुन्हापुन्हा पाहिले. तो तुझ्यावर डूख धरून आहे असं तुला वाटतंय, पण साप डूख धरत नाही गं. एकात त्याला भूक लागली आहे, दुसऱ्यात तो घाबरलाय. या दोन्हींवर एकच उपाय करून चालणार नाही.

पहिल्यात झाकण सरकताच तो डोकं बाहेर काढतो, भराभर जीभ हलवतो आणि तुझ्या हाताच्या रोखाने येतो. ही भूक. त्याच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते, मग उबदार हात आणि उबदार उंदीर यांतला फरक त्याने कसा ओळखावा? झाकण उघडलं की खाणं येतं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून हाताळायचं असेल त्या दिवशी आधी हुकने (साप उचलायच्या लांब आकड्याने) किंवा कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श कर. हळूहळू त्याला या खुणेची सवय होते. उंदराला हात लागला असेल तर साबणाने धुतल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नकोस.

दुसऱ्यात तो मान मागे आखडून फुसकारतोय. ही भीती आहे, आणि मला जास्त काळजी हिचीच वाटते. तो नुकताच आलाय. नवीन जागेत एक-दोन आठवडे त्याला अजिबात उचलू नये. पेटीत लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही अंगाला घट्ट बसणाऱ्या. पुढे उचलशील तेव्हा हात वरून नेऊ नकोस, शिकारी पक्षी तसाच येतो. बाजूने जा आणि पोटाखालून आधार दे. डोळे दुधाळ दिसले तर कात टाकेपर्यंत थांब.

खाणं देताना गोठवलेला उंदीर पूर्ण वितळू दे, मग गरम पाण्यात कोमट कर. मायक्रोवेव्ह नको, त्यात तो आतून शिजतो. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच असावा. लांब चिमट्यानेच पुढे कर. जिवंत उंदीर तर मुळीच नको, उंदीर सापाला चावून खोल जखमा करतो. गिळल्यानंतर निदान 48 तास त्याला हात लावू नकोस, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकेल.

चावलाच तर हात हिसकू नकोस. दात मागे वळलेले असतात, ओढलंस तर तुझी कातडी फाटेल आणि त्याचे दात तुटतील. विष नसतं. सोडत नसेल तर गार पाण्याची धार सोड, नंतर जखम साबणाने धू.

उबदार बाजू 31-32 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 25-27 आहे ना, तेवढं थर्मामीटरने तपासून आजच कळव. त्याचं वजनही लिही, म्हणजे उंदीर केवढा द्यायचा ते ठरवू.

तुझे,
बाबा