ताणावरची बाग

जालना जिल्हा,
२ जानेवारी २०२६

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावाने तुला अनेक आशीर्वाद.

नाताळच्या रात्री पुण्यातल्या इस्पितळातली ड्यूटी संपवून खोलीवर परतल्यावर तू फोन केलास, घरातल्या सगळ्यांशी बोललीस आणि फोन ठेवता ठेवता हळू आवाजात म्हणालीस, "आई, माझी वाढच थांबली आहे गं. गेल्या वर्षी जिथे होते तिथेच आहे, कदाचित दोन पावले मागेच." त्या वेळी घरात पाहुणे होते, फराळाची ताटे करायची होती, म्हणून मी "असे काही मनात आणू नकोस" एवढेच बोलले. ते उत्तर पुरेसे नव्हते, हे मला फोन ठेवताच जाणवले. तुझे ते वाक्य आठ दिवस माझ्यासोबत आहे. आज बागेत फारसे काम नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

परवा, ३१ तारखेच्या रात्री, वर्षअखेरच्या उपासनेला आम्ही सगळे गेलो होतो. बाराला पाच मिनिटे उरली असताना नेहमीप्रमाणे दिवे मंद केले, मंडळी गुडघ्यांवर आली आणि घंटा झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांना सलाम केला. मग नव्या वर्षासाठी एकेक शास्त्रवचन लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे ताट फिरले. तुझ्या नावानेही मी एक चिठ्ठी उचलली. त्यावर यिर्मया २९:११ निघाले: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते आपल्याला भविष्य व आशा देणारे आहेत. तुझे बाबा आनंदाने म्हणाले, "बघ, लेकीचे वर्ष चांगले जाणार."

मला त्यांच्या आनंदावर विरजण घालायचे नव्हते, पण तुला मात्र सांगते, की चिठ्ठी म्हणजे भविष्य नव्हे. वचन असे सुटे तोडून पाकिटात ठेवायची आपल्याला सवय लागली आहे आणि ती मला बरी वाटत नाही. घरी येऊन मी तो संपूर्ण अध्याय वाचला. ते पत्र आहे, बाळ. घरदार सोडून बाबेलमध्ये नेल्या गेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेले पत्र. लवकरच परत याल, असे सांगणारे संदेष्टे त्यांच्याभोवती पुष्कळ होते. यिर्मया मात्र लिहितो, की घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्या वचनात, सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या पुष्कळांना परतीची वाट आपल्या डोळ्यांनी दिसणार नव्हती. तरीही देव त्यांना बाग लावायला सांगतो. आशेचे ते वचन या मातीत उगवलेले आहे, आणि एका वर्षाच्या मापात ते बसत नाही. तुझ्या चिठ्ठीसोबत हा सगळा अध्याय वाच. तू परक्या शहरात आहेस, म्हणून तो तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता तुझ्या वाढीविषयी. तू मला पुरावे मोजून दाखवलेस. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचे ठरवले होते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्याच पुस्तकात, लेवीयात, अडकलीस. रविवारची ड्यूटी लागली की उपासना चुकते. प्रार्थनेला बसलीस की शब्द सुचत नाहीत. हे सगळे खरे असेल. पण शास्त्रात ११८९ अध्याय आहेत, रोज तीनाहून जास्त वाचावे लागतात, आणि रात्रपाळी करून आलेल्या मुलीने एका दिवसाचे राहिलेले वाचन दुसऱ्या दिवसावर ढकलत नेले, तर वचन हे अन्न न राहता थकलेले कर्ज होते. कर्ज घेतलेला माणूस सावकाराच्या दारासमोरून जायचे टाळतो. तू देवाला टाळू लागलीस ते बहुधा असेच. यंदा ती योजना बाजूला ठेव, असे मी आई म्हणून स्पष्ट सांगते. दिवसाला एक स्तोत्र वाच, तेही मोठ्याने. दीडशे स्तोत्रे आहेत, पाच महिने पुरतील. एकशे एकोणिसावे लांबलचक आहे, त्याला आठवडा लागला तरी चालेल. ज्या दिवशी शब्द सुचणार नाहीत त्या दिवशी स्तोत्राचे शब्द हेच तुझे शब्द. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा "कोठवर?" असे विचारतो. इतके तर तुलाही विचारता येईल.

मात्र तुझा प्रश्न वाचनापुरता नाही, हे मी जाणते. सध्या आपली बाग ताणावर आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोसंबीचे पाणी तोडले. काल संध्याकाळी मी बांधावरून पाहत होते. पाने मलूल झाली आहेत, कडेने वळली आहेत, काही पिवळी पडून खाली गळली आहेत. बाहेरच्या माणसाला वाटेल, की या घरातल्यांनी झाडे वाऱ्यावर सोडली. पण तू या बागेत वाढलीस, तुला ठाऊक आहे, की आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हा ताण द्यावाच लागतो. झाड पाने वाढवायचे थांबते, आपली ताकद काडीत साठवते, आणि मग पाणी मिळाले की फुलावर येते. ताणाच्या दिवसांत बाबा एरवीपेक्षा जास्त वेळा बागेत जातात, रोज पान हातात घेऊन पाहतात, कारण ताण कमी पडला तर बहार फुटत नाही आणि जास्त झाला तर फांद्या वाळून सल होते. एका वर्षी मला झाडांची दया आली आणि ताण पुरा व्हायच्या आत मी पाणी सोडले होते. त्या वर्षी बाग हिरवीगार झाली, पालवीच पालवी, आणि फुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत, पण मला ते अजून आठवते.

तुझ्या कोरड्या दिवसांना मी "ताण" म्हणते तेव्हा ते शास्त्रवचन आहे असे समजू नकोस. ते माझ्या बागेतून आलेले आहे. आळसामुळे आलेला कोरडेपणाही असतो, पापामुळे आलेलाही असतो, आणि तो कोणता हे तू प्रभूपुढे प्रामाणिकपणे तपासून पाहायचे आहेस. पण प्रत्येक कोरडा काळ म्हणजे देवाने आपल्याला टाकून दिले, असा हिशेब मांडू नकोस. कोरड्या झाडावर माळ्याची नजर जास्त असते, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

शास्त्रात जे आहे ते लूकच्या तेराव्या अध्यायात, सहाव्या वचनापासून वाच. द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराच्या झाडावर धनी तीन वर्षे फळ शोधत येतो, आणि मग ते तोडून टाकायला सांगतो. माळी मध्ये पडतो आणि विनंती करतो, की एवढे वर्ष ते राहू द्या, म्हणजे मी त्याच्या सभोवती खणून खत घालीन. वर्षारंभी हा दृष्टांत मी किती वेळा ऐकला असेल, आणि दर वेळी "यंदा तरी फळ द्या, नाहीतर कुऱ्हाड" असा धाकच त्यातून काढलेला ऐकला. धाक त्यात आहे, तो पुसता येणार नाही. पण त्या वर्षभराचे काम कोण करणार आहे ते पाहा. खणणे माळ्याचे, खत माळ्याचे, घामही माळ्याचा. झाडाने जागा सोडून पळायचे नाही आणि मुळाशी कुदळ पोहोचू द्यायची, एवढेच त्याच्या वाट्याला आहे. आणि पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. ती गोष्ट उघडी ठेवली आहे. तुलाही पुण्याला जाऊन तीन वर्षे झाली, म्हणून मला ती वाचताना तू दिसलीस.

मुळाशी कुदळ लागते तेव्हा दुखते, हे मी अनुभवाने सांगते. २०१३ चा उन्हाळा तुला आठवत असेल. तू बारा वर्षांची होतीस. आदल्या वर्षीचा पाऊस गेला, विहीर आटली, टँकरने आणलेले पाणी बादलीने घालून आपण पावणेदोनशे झाडांतली साठ कशीबशी वाचवली. उरलेली तोडून जळणात गेली. त्या वर्षी मी उपासनेला जात होते, संडेस्कूल घेत होते, गीते म्हणत होते, आणि आत काहीही नव्हते. सहा महिने मी एकांतात एकही प्रार्थना केली नाही. हे मी तुला आजवर सांगितले नव्हते. आपल्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई दर गुरुवारी दुपारी घरी येत, ओट्यावर बसत, एक स्तोत्र वाचत, पाणी पीत आणि निघून जात. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही आणि माझ्या विश्वासाची चौकशीही केली नाही. पुढे एका गुरुवारी त्या आजारामुळे आल्या नाहीत, आणि त्या वेळी ओट्यावर बसून ते स्तोत्र मी स्वतः वाचले. खत कधी माणसाच्या पायांनी चालत येते. म्हणून पुण्यात एक असे माणूस शोध. मोठी सभा, चांगले गायन हे सगळे असू दे, पण आठवड्यात एकदा जिच्याजवळ बसता येईल अशी एक बहीण तुला हवी. रविवार चुकत असेल तर तिथल्या पाळकांना जाऊन तुझ्या पाळ्या सांग आणि मधल्या वारी कोणाच्या घरी प्रार्थनासभा असते ते विचार. संकोच करू नकोस. एकटे राहून वाढलेला विश्वासणारा मी तरी पाहिलेला नाही.

जालन्याहून मनमाड, दौंडमार्गे पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागते, तेव्हा पंडिता रमाबाईंची आठवण काढत जा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहिणारी बाई संस्कृतची पंडिता, विधवांसाठी घर चालवणारी, सगळ्या देशाला माहीत असलेली. "मी अजून पोहोचले नाही" असे म्हणताना तिला लाज वाटली नाही. आणि ज्या कामासाठी आपण तिला ओळखतो, ते केडगावचे निराधार स्त्रियांसाठीचे मुक्तिसदन आणि मूळ इब्री व ग्रीक भाषांतून केलेले शास्त्राचे मराठी भाषांतर, ते हे उमगल्यानंतरच्या वर्षांतले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही तसेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आणि बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी पुन्हा नव्याने आरंभ केला. तू पंचविशीत "थांबले" म्हणतेस.

आणखी एक गोष्ट तू जाता जाता सांगितलीस आणि तिच्याकडे स्वतःच लक्ष दिले नाहीस. नोव्हेंबरमध्ये रात्री तीनच्या सुमारास एका पेशंटच्या नातेवाइकावर तू ओरडलीस. तो सलाइन संपल्याचे सांगायला चौथ्यांदा आला होता. सकाळी हँडओव्हर देऊन झाल्यावर तू निघाली होतीस, पण लिफ्टपासून परत फिरलीस आणि वॉर्डाबाहेर सतरंजीवर झोपलेल्या त्या माणसाला उठवून त्याची क्षमा मागितलीस. हे तू अपयश म्हणून सांगितलेस. बाळ, चार वर्षांपूर्वी तू परत फिरली नसतीस. मी तुला ओळखते. तुझा राग कुणाचा आणि तुझा हट्ट कुणाचा, हे मला चांगले ठाऊक आहे. मार्काच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. तू दाणा शोधते आहेस आणि लिफ्टपाशी फुटलेला अंकुर तुला दिसला नाही.

या महिन्यात २४ तारखेला, शनिवारी, बाबा ताण तोडायचे म्हणत आहेत. त्याआधी सल काढून, आळी खणून शेणखत आणि निंबोळी पेंड घालायची आहे. पहिले पाणी हलके द्यायचे, मग चार-पाच दिवसांनी चिंबवणी, म्हणजे दुसरे, भरपूर पाणी. सोमवारी २६ जानेवारी आहे, तेव्हा पाळी बदलून मिळत असेल तर शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ये. रविवारी प्रभुभोजन आहे, आपण दोघी एकत्र बसू. नाही जमले तर मनाला लावून घेऊ नकोस. पाणी सोडताना मी फोन लावून ठेवीन, तुला त्याचा आवाज तरी ऐकू येईल. यायचे झालेच तर जुनी चप्पल आण, आळ्यांत चिखल असतो.

बाबांचा तुला आशीर्वाद. आजी तुझे नाव घेऊन रोज पहाटे प्रार्थना करते.

तुझी,
आई