स्वातंत्र्यसैनिकांच्या घरच्यांचीही नोंद व्हावी

महोदय,

गोवा मुक्तिदिनाच्या पुरवणीतील मडगावच्या दिवंगत स्वातंत्र्यसैनिकावरचा लेख आवडला. मात्र ते तुरुंगात असताना पत्नीने शिलाई मशीनवर घर चालवले, मुलांना शिकवले, हे त्यात एका ओळीत उरकले आहे. लढ्याची झळ घरच्यांनीही सोसली. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर! त्या सात वर्षांत त्यांच्या माणसांनी काय सोसले असेल?

१८ जून १९४६ रोजी मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेला जे विशीतले तरुण जमले, ते आज हयात असलेच तर शंभरीच्या आसपास असतील. त्यांची मुलेही थकली आहेत. जुने घर विकले जाते तेव्हा तुरुंगातून आलेली पत्रे पत्र्याच्या ट्रंकेसकट भंगारात जातात. पुराभिलेख खात्याने तालुक्यातालुक्यांत जाऊन ही कागदपत्रे स्कॅन करावीत, मुलांच्या आणि सुनांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. मूळ कागद मात्र घरच्यांकडेच ठेवावेत, म्हणजे ते दाखवायला कोणी कचरणार नाही.

– एक वाचक, मडगाव