आईच्या फाइलमध्ये किल्लारी लिहिणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. माझ्या आईची फाइल बंद करण्यापूर्वी आपण मला मेडिकल रेकॉर्डच्या खिडकीशी बोलावून घेतलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आई लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपतीचे विसर्जन करून दमलेले गाव झोपेत असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने दगडमातीच्या भिंती आणि माळवद खाली आले. त्यात माझी आजी आणि दीड वर्षांचा भाऊ गेला. तेव्हापासून आई छताखाली गाढ झोपलेली मी पाहिलेली नाही. छातीत धडधड होते, पहाटे चारच्या आत दचकून जाग येते, अशा तक्रारींसाठी वर्षानुवर्षे ईसीजी निघाले, थायरॉइडच्या तपासण्या झाल्या, आणि कागदावर दर वेळी ‘घबराट’ एवढाच शब्द उतरला.

ही बाई खाट दाराजवळ ओढून घेते आणि चपला पायांत घालूनच झोपते, हे आपण वॉर्डातल्या सिस्टरांच्या नोंदीत वाचलेत आणि विचारलेत, “आई कुठल्या गावच्या?”

फाइलमधल्या नोंदींना ठरलेले कोड देणाऱ्याला, म्हणजे कोडिंग करणाऱ्याला, डॉक्टरांनी न लिहिलेले स्वतःच्या मनाने भरता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपण आधी आईची परवानगी घेतलीत, मग फाइल घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी आईशी बोलून दोन ओळी लिहिल्या, आणि त्यानंतरच आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड झेड 65.5, म्हणजे आपत्ती किंवा युद्धाला सामोरे जावे लागल्याची नोंद, डिस्चार्ज कार्डावर आली. हा आजाराचा कोड नव्हे, हे आपण तिला किती निगुतीने समजावलेत! ‘माझ्यावर वेडाचा शिक्का मारू नका’ हीच तिची पहिली भीती होती. आघातानंतरच्या ताणाच्या विकाराचा कोड, एफ 43.1, वेगळा; तो पुढे मनोविकारतज्ज्ञांनी नीट तपासून, तीन भेटींनंतर लावला.

त्यांनी पहिल्याच भेटीत ते कार्ड आधी वाचले. त्यामुळे ढिगाऱ्यातली ती पहाट आईला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली नाही. वाचून झाल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, “मावशी, दार उघडं ठेवू का?” आई तेव्हा कुठे खुर्चीला टेकून बसली.

उपचार चालू आहेत. परवा दुपारी ती आतल्या खोलीत तासभर झोपली. चपला खाटेखाली होत्या.

आपली ऋणी,
किल्लारीच्या एका आईची मुलगी