राई म्हणायचं की देवराई?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ओल्गा तोकार्चुक या पोलिश लेखिकेवरचा लेख वाचला, छानच होता, पण अख्ख्या पानात एकाही अनुवादकाचं नाव नाही? पोलिश आपल्याला कुठे येतं हो! म्हणून तिची पुस्तकं जर्मनमध्ये आणणाऱ्या एस्टर किन्स्की या जर्मन बाईंबद्दल लिहितेय.

जन्म १९५६चा, ऱ्हाईनच्या काठी वाढलेल्या, पोलिश, रशियन, इंग्लिशमधून जर्मनमध्ये अनुवाद करत आल्या. तोकार्चुकचं ‘फ्लाइट्स’ हे पुस्तक इंग्लिशमध्ये आलं २०१७ला, मग आंतरराष्ट्रीय बुकर, नोबेल, सगळा गाजावाजा. जर्मन लोकांनी ते किन्स्कींमुळे २००९लाच वाचलेलं! त्यासाठी त्यांना पाउल त्सेलान पुरस्कार मिळाला आणि गंमत म्हणजे स्वतःची पहिली कादंबरीही त्याच वर्षी आली, पन्नाशी उलटल्यावर. ती इंग्लिशमध्ये छापली कुणी, तर आपल्या कोलकात्याच्या सीगल बुक्सनी, अनुवाद मार्टिन चाल्मर्स यांचा, म्हणजे किन्स्कींच्या नवऱ्याचा. ते २०१४ला गेले.

किन्स्कींची नंतरची ‘हाइन’ ही कादंबरी, जिला २०१८ला लाइपझिग पुस्तकमेळ्याचं बक्षीस मिळालं, ती अशाच एका बाईची. जोडीदार गेलाय आणि ही एकटीच इटलीतल्या ओलेवानो गावी हिवाळा काढतेय. घडत फारसं काही नाही, कंटाळा येणाऱ्यांना येईलही. पण सुरुवातीलाच रोमानियातल्या चर्चचं वर्णन आहे, तिथे मेणबत्त्या लावायला दोन जागा असतात, एक जिवंत माणसांसाठी, एक गेलेल्यांसाठी. माणूस गेला की त्याची पेटती मेणबत्ती इकडून उचलून तिकडे ठेवायची. बस्स. रडारड नाही काही नाही.

ते पान मराठीत आणून बघावं म्हणून वही घेतली तर नावापाशीच गाडी अडली. ‘हाइन’ म्हणजे झाडांचा छोटा पुंजका, थोडा पवित्र वाटणारा. राई म्हटलं तर निम्म्या लोकांना मोहरी आठवणार, देवराई म्हटलं तर मूळ शब्दात नसलेला देव येऊन बसतो. चार दिवस झाले, अजून ठरत नाहीये, आणि ही बाई असल्या शब्दांशी वर्षानुवर्षं झगडतेय, तेही दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी.

तेव्हा पुढच्या वेळी लेखकाच्या बाजूला अनुवादकाचंही नाव छापा, तेवढी जागा नक्की निघेल. आणि राई-देवराईपेक्षा बरा शब्द कुणाला सुचला तर प्लीज कळवा, वहीत मी तिथे अजून पेन्सिलनंच लिहिलंय.

– एक वाचक, पुणे