सावलीची कसली अडचण?

संपादक महोदय,

मे महिन्याच्या सुटीत सात वर्षांच्या नातवाला घेऊन एका मॉलमधले ‘इंटरॅक्टिव्ह’, म्हणजे प्रेक्षकालाही सहभागी करून घेणारे, प्रोजेक्शनचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. अंधाऱ्या दालनात चारही भिंतींवर फुले, लाटा, फुलपाखरे. नातू प्रोजेक्टरच्या झोतात गेला आणि त्याने बोटांचे हरीण केले. भिंतीवर दोन हात उंचीचे हरीण पाहून तो खिदळतोय, तेवढ्यात तिथला मुलगा आला. “काका, याला जरा बाजूला घ्या. बाकीच्यांच्या फोटोत सावली येतेय.”

मी बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

भिंतीवर चालले होते ते आधीच तयार करून ठेवलेले चित्रण. आम्ही असलो-नसलो तरी लाटा येणारच होत्या. पायाखालची फुले तेवढी चालताना बाजूला सरकत, पण तिथे रांग आणि माणशी दोन मिनिटे. याला सहभाग म्हणायचे?

मेक्सिकोत जन्मलेले कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांनी २००१ मध्ये रॉटरडॅमच्या चौकात ‘बॉडी मूव्हीज’ हे काम मांडले. गावातल्या रस्त्यांवर काढलेले लोकांचे फोटो समोरच्या भिंतीवर पडत, पण जमिनीवर ठेवलेल्या प्रखर दिव्यांच्या उजेडात ते दिसतच नसत. कोणी दिव्यासमोरून चालला की त्याच्या सावलीपुरता उजेड अडे आणि तेवढ्याच जागेत आतला चेहरा दिसे. दिव्याजवळ गेलात तर सावली २५ मीटर, लांब गेलात तर दोन मीटर. म्हणजे एखादा चेहरा पुरता दिसावा म्हणून माणसाला आपली सावली पुढे-मागे होऊन बेतावी लागे. अनोळखी माणसे तिथे एकमेकांच्या सावल्यांशी खेळू लागली. सावली पुसली, तर त्या कामात उरते काय?

इतके लांब जायलाही नको. मुंबईच्याच कलावंत शिल्पा गुप्ता यांच्या २००७ च्या ‘शॅडो ३’मध्ये कॅमेरा आपली छाया टिपून भिंतीवर टाकतो. मग वरून दोरीवरून वस्तू घसरत येतात आणि त्या छायेला चिकटतात. आपण हललो की तेही ओझे आपल्याबरोबर हलते. चित्रण तिथेही आधीचे असेल, पण ते थांबते आपल्यापाशी येऊन.

आणि आमच्या कुडाळजवळचे पिंगुळी? तिथल्या ठाकर समाजाच्या मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ मी लहानपणी देवळात पाहिला आहे. पांढरा पडदा, मागे दिवा, कातड्यावर रंगवलेला रावण. (आम्ही पोरे पडद्यामागे डोकवायला जायचो आणि हाकलले जायचो, हे कबूल. पण तिथे खेळ चालला होता, फोटो नव्हे.) परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच या कलेचे संग्रहालय थाटले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस पिंगुळीचे नाव होते.

आयोजकांकडे माझे मागणे फार नाही. एका तरी भिंतीसमोर झोत जमिनीलगत ठेवा, पुढे आठ-दहा पावले मोकळी सोडा आणि मुलांना त्यात नाचू द्या. फोटो काढणाऱ्यांसाठी बाकीच्या तीन भिंती आहेतच. सावली नकोच असेल, तर प्रोजेक्टर छतालगत टांगा किंवा पडद्यामागून झोत सोडा आणि जाहिरातीतून ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द काढा. म्हणजे पुढच्या सुटीत तिकिटाचे तेवढेच पैसे घेऊन आम्ही आजोबा-नातू कुडाळची गाडी पकडू.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, ठाणे