दीर्घायुष्याचे जनुक आणि चिपची चूक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'दीर्घायुष्याचे जनुक सापडले' अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. काय सापडले ते ठळक असते, कसे शोधले ते नसते. गोम तिथेच आहे.

2010 साली बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने 'सायन्स'मध्ये 1,055 शतायुषी आणि 1,267 इतर व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. 150 जनुकीय खुणांवरून (डीएनएतल्या माणसागणिक बदलणाऱ्या जागांवरून) शतायुषी 77 टक्के अचूक ओळखता येतात, असा दावा होता. जुलै 2011 मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला. सगळे नमुने एकाच प्रकारच्या चिपवर (या खुणा वाचणाऱ्या पट्टीवर) तपासलेले नव्हते आणि त्यांतली एक चिप काही खुणा चुकीच्या वाचत होती. अशी चिप एकाच गटाच्या वाट्याला जास्त आली, की तिची चूकच दीर्घायुष्याची खूण म्हणून वर येते. गणिताला फरक कळत नाही.

डोळ्यांना मात्र कळतो. शेजारच्या खुणा बहुधा एकत्रच वारशाने येतात, म्हणून प्रत्येक खुणेचा एक ठिपका आणि संबंध जितका ठळक तितका तो उंच, अशा आलेखावर खरा संबंध असेल तिथे ठिपक्यांचा मनोरा उभा राहतो. एकच ठिपका उंच आणि आजूबाजूला सामसूम असेल, तर त्या खुणेचे कच्चे सिग्नल काढून तीन जनुकप्रकारांचे (आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींच्या तीन शक्य जोड्यांचे) तीन पुंजके नीट सुटे पडलेत का, ते पाहावे.

दहा लाख खुणा तपासताना योगायोगाची शक्यता 0.05 (शंभरात पाच) ही नेहमीची मर्यादा ठेवली, तर निव्वळ योगायोगाने 50 हजार खुणा 'सापडतील'. म्हणून मर्यादा दोन कोटींत एक इतकी कडक असते आणि ती गाठायला मूठभर शतायुषी पुरत नाहीत. त्यावर तोड म्हणून आईवडिलांचे आयुर्मान वापरतात. 2019 च्या एका अभ्यासात दहा लाखांहून अधिक पालकांची आयुर्मानाची माहिती होती. यात हयात पालकांना वगळायचे नसते, वगळले तर नेमके दीर्घायुषीच गळतात. कॉक्स प्रारूपात (आयुर्मानाचे विश्लेषण करण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीत) 'अजून जिवंत' अशी त्यांची नोंद करतात. मुलात पालकाची निम्मीच जनुके येतात, म्हणून मिळालेला परिणाम दुप्पट करतात. अशा अभ्यासांत निकोटिनच्या ग्राहींचे (पेशींवर निकोटिन जिथे चिकटते त्या प्रथिनांचे) जनुकही वर येते. ते वार्धक्याचे कसले, सिगारेटचे जनुक!

पुढच्या बातमीत नमुना किती, चिप एकच होती का आणि दुसऱ्या लोकसमूहात निष्कर्ष टिकला का, एवढे तरी छापावे. फॉक्सो-3 हे जनुक 2008 मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत दिसले आणि 2009 मध्ये जर्मन शतायुषींतही.

– एक संख्याशास्त्रज्ञ वाचक, पुणे